'टेक' या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व त्याचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालच्या जून महिन्यापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. त्यापूर्वी ज्या भाषेशी मुलाची ओळख पाचवीत होत असे, ती आता अक्षरओळखीबरोबरच त्याच्या कानावर पडते. त्यामुळे खेड्यातील दोन शिक्षकी शाळेत काम करणाऱ्या शिक्षकासही, त्याच्या आवडीचा विषय गणित असो वा मराठी, इंग्रजीचे पाठ द्यावेच लागतात. या पाठांत अगदी आरंभी जी क्रियापदे येतात त्यांपैकी 'टेक' हे एक होय. शब्द लहान, उच्चार सोपा, आणि अर्थही सोपाच, असे प्रथमदर्शनी वाटते. 'टेक म्हणजे घेणे' एवढे फळ्यावर लिहिले, मुलांकडून पाच वेळा म्हणवून घेतले, की काम संपले असा समज होतो. परंतु पुढील तीन-चार वर्षे मुलांच्या वह्यांत या क्रियापदाच्या ज्या चुका दिसतात, त्यांतील बहुतेकींचे मूळ फळ्यावरील त्या एका समीकरणात असते.

'टेक' म्हणजे 'घेणे' हे विधान खोटे नाही. ते अपुरे आहे. 'टेक' या शब्दाने इंग्रजीत जी कामे होतात त्यांपैकी काही मराठीत 'घेणे' करते, काही 'नेणे' करते, काही 'लागणे' करते, तर काही 'काढणे', 'बसणे', 'समजणे' ही क्रियापदे करतात. उलट, मराठीत आपण 'घेणे' म्हणतो अशा कित्येक ठिकाणी इंग्रजीत 'टेक' मुळीच चालत नाही. चालविल्यास अर्थ उलटा होतो किंवा बोलणाऱ्यावर नसता आळ येतो. ही गोष्ट उदाहरणांनी स्पष्ट करावी आणि वर्गात ती कोणत्या क्रमाने शिकवावी याविषयी काही सूचना कराव्यात, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे शक्यतो उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर व त्यांच्या आसपासच्या गावांतील मुलांच्या नित्य अनुभवांतील घेतली आहेत; कारण परकी भाषा ओळखीच्या वस्तूंवरून शिकविली तरच ती मनात घर करते.

शब्दाचे कूळ

'टेक' हा मूळचा इंग्रजी शब्द नव्हे. जुन्या इंग्रजीत घेणे या अर्थी 'निमन' हे क्रियापद होते. जर्मन भाषेत त्याचे भावंड 'नेमेन' आजही त्याच अर्थाने वापरात आहे. उत्तरेकडील समुद्रपार देशांतून आलेले डेन व नॉर्स लोक इंग्लंडात स्थायिक झाल्यावर त्यांच्या बोलीतील 'टाका' हा शब्द अकराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत रुजला आणि त्याने पुढे 'निमन'ला जवळजवळ हद्दपार केले. 'चपळ' या अर्थाचा 'निंबल' आणि 'बधिर' या अर्थाचा 'नम' हे दोन शब्द त्या जुन्या क्रियापदाच्या खुणा म्हणून उरले आहेत. मुलांच्या तोंडी सदैव असलेला 'मिस्टेक' हा शब्दही याच 'टाका'च्या घराण्यातील. एकाच्या ऐवजी दुसरे घेणे, म्हणजे चुकीचे घेणे, ती 'मिस्टेक'.

आपले 'घेणे' संस्कृत 'ग्रह्' या धातूपासून प्राकृताच्या वाटेने आले. 'नेणे' हे 'नी' धातूपासून व 'लागणे' हे 'लग्' धातूपासून आले. म्हणजे मराठीत तीन निरनिराळ्या धातूंनी वाटून घेतलेले काम इंग्रजीत एकटे 'टेक' करते. कोणत्याही दोन भाषांत शब्दांची वाटणी सारखी झालेली नसते. म्हणून एका शब्दापुढे एकच प्रतिशब्द लिहून ठेवण्याची पद्धत साध्या वस्तूंच्या नावांपुरतीच उपयोगी पडते. 'ट्री' म्हणजे झाड हे चालेल. 'टेक'सारख्या क्रियापदाला ते चालणार नाही.

जेथे दोन्ही भाषा जुळतात

अध्यापनाचा आरंभ अर्थातच सोप्यापासून व्हावा. सुदैवाने 'टेक' व 'घेणे' यांचे बरेच प्रयोग तंतोतंत जुळतात, आणि मुलास ते ऐकताच समजतात. हातात घेणे: 'टेक धिस चॉक', हा खडू घे. औषध घेणे: 'टेक मेडिसिन'. भाग घेणे: 'टेक पार्ट'. काळजी घेणे: 'टेक केअर'. शपथ घेणे: 'टेक अन ओथ'. निर्णय घेणे: 'टेक अ डिसिजन'. विश्रांती घेणे: 'टेक रेस्ट'. दीर्घ श्वास घेणे: 'टेक अ डीप ब्रेथ'. जबाबदारी घेणे: 'टेक रिस्पॉन्सिबिलिटी'. हजेरी घेणे: 'टेक अटेंडन्स'. रजा घेणे: 'टेक लीव्ह'.

यांपैकी औषधाचा प्रयोग विशेष लक्ष देऊन शिकवावा. औषधाच्या बाटलीवर वा वेष्टनावर 'टेक वन टॅब्लेट ट्वाइस अ डे आफ्टर फूड' अशा स्वरूपाची सूचना इंग्रजीत असते. ज्या घरात इंग्रजी वाचणारे वडील माणूस नाही, तेथे आजीला गोळी केव्हा द्यावयाची हे पाचवी-सहावीतील मुलालाच वाचून सांगावे लागते. 'ट्वाइस' म्हणजे दोन वेळा आणि 'आफ्टर' म्हणजे नंतर, हे दोन शब्द 'टेक'सह ज्याला नक्की कळले, त्याने परीक्षेतील गुणांपेक्षा मोठे काही मिळविले असे समजावे.

चहाविषयी मात्र थोडा भेद आहे. 'चहा घ्या' हे आपले अगत्याचे वाक्य. त्यासाठी इंग्रजीत आज 'टेक'पेक्षा 'हॅव' हे क्रियापद अधिक रूढ आहे: 'प्लीज हॅव सम टी'. 'टेक' म्हटल्याने अर्थ बिघडत नाही, परंतु कानाला ते किंचित परके वाटते. खालच्या वर्गात या बारकाव्याची चर्चा नको. शिक्षकाने स्वतः 'हॅव' वापरावे म्हणजे झाले.

'घेऊन जा' आणि 'घेऊन ये'

सर्वांत अधिक चुका होतात त्या येथे. बदलापूरच्या घरात आई मुलाला सांगते, 'डबा घेऊन जा.' शाळेत गुरुजी सांगतात, 'उद्या वही घेऊन ये.' दोन्ही वाक्यांत 'घेऊन' आहे. म्हणून मूल दोन्हींसाठी 'टेक' लिहिते. इंग्रजीत पहिल्यास 'टेक' व दुसऱ्यास 'ब्रिंग' हवे: 'टेक युवर टिफिन टु स्कूल', 'ब्रिंग युवर नोटबुक टुमॉरो'.

हा भेद समजाविण्यासाठी व्याकरणाचे नियम सांगण्याची गरज नाही. मराठीतच तो भेद आधीपासून आहे. 'नेणे' व 'आणणे' हे दोन शब्द प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. बोलणाऱ्यापासून दूर ते 'नेणे', बोलणाऱ्याकडे ते 'आणणे'. 'नेणे'ला 'टेक' आणि 'आणणे'ला 'ब्रिंग', एवढे सूत्र पुरेसे आहे. मुलाने भाषांतरापूर्वी 'घेऊन जा'चे 'ने' आणि 'घेऊन ये'चे 'आण' असे मनातल्या मनात करून घ्यावे, ही सवय लावावी. उल्हासनगरच्या वसाहतीत नांदत असलेल्या सिंधी कुटुंबांतील मुलेही 'वठी वञु' व 'वठी अचु' असेच म्हणतात, आणि हिंदी बोलणारी मुले 'ले जाओ' व 'ले आओ' म्हणतात. म्हणजे जाणे व येणे या क्रियापदांवर दिशेचा भार टाकण्याची रीत आपल्या सर्व शेजाऱ्यांची आहे. शहरालगतच्या शाळेत तिन्ही भाषांची मुले एकाच बाकावर बसत असतील, तर शिक्षकाने तिघांनाही आपापल्या घरची वाक्ये म्हणावयास सांगावे. आपण सर्वच एका ठिकाणी अडखळतो आणि सर्वांना एकच युक्ती लागू पडते, हे पाहून मुलांस हुरूप येतो.

हा पाठ कृतीनेच द्यावा. एका मुलास दाराशी उभे करावे, शिक्षकाने टेबलाजवळ राहावे. 'टेक धिस बुक टु हिम' म्हणून पुस्तक पाठवावे, 'ब्रिंग दॅट बुक टु मी' म्हणून परत आणवावे. पाच मिनिटांत जे साधते ते पानभर भाषांतराने साधत नाही.

'लागणे' या अर्थी 'टेक'

'अंबरनाथहून बदलापूरला गाडीने किती वेळ लागतो?' हा प्रश्न या भागातील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. कल्याण सोडले की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी ही स्थानकांची माळ त्याला तोंडपाठ असते. हाच प्रश्न इंग्रजीत 'टेक'ने विचारतात: 'हाउ लाँग डझ इट टेक?' आणि उत्तर: 'इट टेक्स अबाउट टेन मिनिट्स'. येथे कोणी काही घेत नाही. 'इट' हा नाममात्र कर्ता आहे. वेळ 'लागतो' हाच अर्थ.

'मला दहा मिनिटे लागतात' हे सांगताना 'इट टेक्स मी टेन मिनिट्स' असे म्हणतात. येथे एक गमतीची अडचण उभी राहते. इंग्रजीतील 'मी' म्हणजे आपला 'मला'; पण मराठी कानास तो आपलाच 'मी' वाटतो. म्हणून मूल 'मी' हा शब्द उचलून वाक्याच्या आरंभी ठेवते. शिक्षकाने प्रथमच स्पष्ट करावे की इंग्रजी 'आय' म्हणजे मराठी 'मी', आणि इंग्रजी 'मी' म्हणजे मराठी 'मला'. फळ्यावर ही जोडी आठवडाभर तशीच राहू द्यावी.

वेळेप्रमाणेच श्रम, माणसे, धैर्य यांविषयीही 'टेक' चालते. 'हे बाक उचलायला चार मुले लागतात', 'इट टेक्स फोर बॉइज टु लिफ्ट धिस बेंच'. 'खरे बोलायला धैर्य लागते', 'इट टेक्स करेज टु टेल द ट्रुथ'. परंतु 'लागणे'चा प्रत्येक प्रयोग 'टेक' नव्हे, याचीही जाणीव द्यावी. पैसे लागतात तेथे साधारणतः 'कॉस्ट' हा शब्द येतो. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, आंब्याच्या झाडाला फळे लागतात, यांपैकी एकाही ठिकाणी 'टेक' येत नाही. वेळ व श्रम यांची मोजणी असेल तेथेच 'लागणे' म्हणजे 'टेक', एवढी मर्यादा आखून द्यावी.

वाहन, आसन आणि छायाचित्र

'टेक द ट्रेन' म्हणजे आगगाडी उचलणे नव्हे. आगगाडीने जाणे होय. 'टेक द बस टु उल्हासनगर', उल्हासनगरला बसने जा. धावत जाऊन विशिष्ट गाडी गाठावयाची असेल तर 'कॅच' म्हणतात. आपले 'गाडी पकडणे' त्याच्याशी बरोबर जुळते. 'टेक द लेफ्ट रोड' म्हणजे डावीकडचा रस्ता धरा. 'टेक अ सीट' म्हणजे बसा. कचेरीत मुलाखतीस गेलेल्या तरुणास कोणी 'प्लीज टेक अ सीट' म्हटले आणि तो खुर्ची उचलू लागला, तर दोष त्याचा नाही; त्याला 'टेक म्हणजे घेणे' एवढेच सांगणाऱ्या पाठाचा आहे.

अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ मधील, म्हणजे इसवी सन १०६० मधील शिलालेखामुळे प्रसिद्ध आहे. शाळेची सहल तेथे जाते, तेव्हा मुले त्याचे छायाचित्र काढतात. इंग्रजीत छायाचित्र 'काढत' नाहीत, 'घेतात': 'वी टुक अ फोटोग्राफ ऑफ द टेंपल'. चित्र मात्र हाताने काढावयाचे असल्यास 'ड्रॉ' हाच शब्द. मराठीत दोहोंस 'काढणे' असल्यामुळे येथे घोटाळा होतो. सहलीनंतर मुलांकडून दोन वाक्ये लिहून घ्यावीत, एक छायाचित्राचे व एक चित्राचे. भेद आपोआप ठसेल.

वजाबाकीचाही उल्लेख करावयास हवा. 'टेक अवे थ्री फ्रॉम टेन', दहातून तीन काढा. गणिताच्या तासाला हा प्रयोग करून दाखविल्यास भाषा व गणित ही दोन्ही कामे एकदम होतात.

जेथे 'घेणे' आहे परंतु 'टेक' नाही

आता उलट बाजू पाहू. येथील चुका केवळ लाल शाईने संपत नाहीत. त्या मुलाला पुढील आयुष्यात अडचणीत आणू शकतात.

पहिला प्रयोग विकत घेण्याचा. 'मी उल्हासनगरच्या दुकानातून पेन घेतले' या मराठी वाक्यात पैसे दिले हे गृहीतच असते. त्याचे 'आय टुक अ पेन फ्रॉम द शॉप' असे भाषांतर केल्यास ऐकणाऱ्यास वाटेल की पेन नुसते उचलून नेले. येथे 'बॉट' हवे: 'आय बॉट अ पेन'. 'घर घेतले' याचेही तसेच. मराठीत त्याचा अर्थ सहसा विकत घेतले असा होतो. इंग्रजीत 'टेक अ हाउस' म्हटल्यास भाड्याने घेतले असा अर्थ होतो. न विचारता कोणाची वस्तू घेणे यासही 'टेक'च म्हणतात: 'समवन हॅज टेकन माय स्लेट'. म्हणजे एकच 'टुक' शब्द प्रामाणिक मुलास क्षणात चोर ठरवू शकतो. विकत घेणे म्हणजे 'बाय', उसने घेणे म्हणजे 'बॉरो', आणि 'टेक' म्हणजे हातात घेणे, हे त्रिक तिसरी-चौथीतच पक्के करून घ्यावे.

दुसरा प्रयोग परीक्षेचा. मराठीत विद्यार्थी परीक्षा 'देतो' आणि शिक्षक ती 'घेतात'. इंग्रजीत हे अगदी उलट आहे. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, आणि शिक्षक चाचणी 'गिव्ह' करतात, किंवा मोठी परीक्षा 'कंडक्ट' करतात. 'आय गेव्ह द स्कॉलरशिप एक्झामिनेशन' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. आपल्यातील माणसास ते कळते. परंतु प्रमाण इंग्रजी जाणणारा परका मनुष्य त्याचा अर्थ बोलणारा स्वतःच परीक्षक होता असा करील. याचे कारण विचार करण्याजोगे आहे. मराठी मनात परीक्षा ही विद्यार्थ्याने समोर नेऊन ठेवावयाची गोष्ट आहे. इंग्रजीत ती विद्यार्थ्याने अंगावर घ्यावयाची गोष्ट आहे. कोणतीही दृष्टी चूक नाही. परंतु ज्या भाषेत बोलावयाचे त्या भाषेच्या दृष्टीने पाहिले पाहिजे. आपल्या गावची मुले पुढे अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जातात, औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत अर्ज करतात, अर्जात व मुलाखतीत आपण कोणत्या परीक्षा 'दिल्या' ते सांगतात. त्या वेळी 'आय टुक द एक्झामिनेशन' हे लहानसे वाक्य शुद्ध आले तर त्यांचा आत्मविश्वास वाढतो. मुलाखतीचेही असेच आहे. साहेब मुलाखत 'घेतात', यासाठी इंग्रजीत 'टेक' न वापरता 'इंटरव्ह्यू' हेच क्रियापद करतात: 'दे इंटरव्ह्यूड हिम'.

तिसरा प्रयोग मराठीच्या खास वळणाचा. 'शिकून घे', 'जेवून घे', 'समजून घे', 'लिहून घे' या वाक्यांत 'घेणे' हे सहायक क्रियापद आहे. त्याचा अर्थ हाताने घेणे नसून आपल्यासाठी करणे, किंवा वेळीच उरकणे असा आहे. इंग्रजीत याला निराळा शब्द नाही. 'शिकून घे' म्हणजे नुसते 'लर्न', 'जेवून घे' म्हणजे 'ईट'. हुशार मूलच येथे फसते, कारण ते प्रत्येक शब्दाचा हिशोब चुकता करू पाहते. मराठीतील काही शब्द इंग्रजीत नेताना सोडून द्यावे लागतात, हे त्याला समजावून सांगावे.

याखेरीज धाव घेणे, उडी घेणे, शोध घेणे, माघार घेणे, जन्म घेणे ही मराठीतील जोडक्रियापदे आहेत. त्यांना इंग्रजीत बहुधा एकेकच क्रियापद असते: 'रन', 'जंप', 'सर्च', 'विथड्रॉ', 'बी बॉर्न'. 'मनावर घेणे' हा प्रयोग तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. 'अभ्यास मनावर घे' म्हणजे निश्चयाने कर. त्यास 'टेक इट सीरियसली' म्हणता येईल. परंतु 'टेक टु हार्ट' याचा रूढ अर्थ आपल्या 'मनाला लावून घेणे' याच्याजवळ जातो. शब्द सारखे दिसले तरी एक प्रयोग उत्साहाचा आहे व दुसरा खेदाचा.

'टेक'च्या मागे येणारे लहान शब्द

इंग्रजी क्रियापदास 'ऑफ', 'आउट', 'अप', 'डाउन', 'आफ्टर' असे लहान शब्द जोडले की अर्थ पालटतो. मराठीत हेच काम 'काढून', 'उतरवून', 'उचलून' अशी रूपे करतात. प्राथमिक शाळेत पुढील पाच जोड्या पुरेत.

'टेक ऑफ' म्हणजे अंगावरील वा पायातील वस्तू काढणे: 'टेक ऑफ युवर शूज'. विमानाने जमीन सोडणे यासही हेच शब्द आहेत. 'टेक आउट' म्हणजे आतून बाहेर काढणे: 'टेक आउट युवर बुक्स'. 'टेक डाउन' म्हणजे वरची वस्तू खाली काढणे, तसेच सांगितलेले उतरवून घेणे. 'टेक अप' म्हणजे एखादे काम वा छंद हाती घेणे. 'टेक आफ्टर' म्हणजे रूपाने वा स्वभावाने वडीलमाणसावर जाणे: 'शी टेक्स आफ्टर हर मदर', ती आईच्या वळणावर गेली आहे.

येथे एक नियम सांगावा. 'टेक ऑफ युवर शूज' आणि 'टेक युवर शूज ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत; परंतु नामाऐवजी सर्वनाम आले की ते मध्येच बसले पाहिजे: 'टेक देम ऑफ'. 'टेक ऑफ देम' असे होत नाही. 'टेक आफ्टर' ही जोडी मात्र कधीही फोडता येत नाही.

रूपे

'टेक' हे वर्तमानकाळी, 'टुक' भूतकाळी, 'टेकन' हे 'हॅव', 'हॅज' किंवा 'हॅड' यांच्यापुढे येणारे रूप. 'ही', 'शी', 'इट' असा एकवचनी तृतीयपुरुषी कर्ता असेल तर 'टेक्स'. 'टुक'मधील उकार ऱ्हस्व उच्चारावा. मराठीत 'घेतला', 'घेतली', 'घेतले' अशी लिंगवचनांप्रमाणे रूपे बदलतात; इंग्रजीत एकच 'टुक' सर्वत्र चालते, म्हणून भूतकाळ येथे सोपा आहे. फक्त 'डिड' आले की क्रियापद मूळ रूपात परत जाते: 'आय डिड नॉट टेक', 'डिड यू टेक?'. 'डिड नॉट टुक' ही चूक फार आढळते. भूतकाळाची खूण एका वाक्यात एकदाच करावयाची, आणि ती 'डिड'ने केली आहे, असे सांगितल्यास मुलास पटते.

वर्गासाठी योजना

शब्दाचे सर्व अर्थ एकदम शिकविणे हे एकच अर्थ शिकविण्याइतकेच हानिकारक आहे. बंगालमध्ये ढाक्यास अध्यापक-प्रशिक्षणाचे काम केलेल्या मायकेल वेस्ट या शिक्षणतज्ज्ञांनी १९५३ साली सुमारे दोन हजार नित्योपयोगी इंग्रजी शब्दांची सूची प्रसिद्ध केली. तीत शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांपैकी कोणता अर्थ किती प्रमाणात येतो हेही नोंदविले होते. त्यातून शिक्षकाने घ्यावयाचा बोध असा की, जो अर्थ वारंवार येतो तो आधी शिकवावा आणि क्वचित येणारा मागाहून. या धोरणाने पुढील क्रम सुचविता येईल.

पहिली व दुसरीत केवळ आज्ञा असाव्यात: 'टेक धिस', 'टेक आउट युवर बुक', 'टेक ऑफ युवर कॅप'. मुलांनी ऐकावे व करावे, लिहू नये. तिसरीत 'टेक' व 'ब्रिंग' यांचा खेळ, आणि 'टेक', 'बाय', 'बॉरो' यांचे त्रिक. चौथीत वेळेचा प्रयोग: घरून शाळेत यावयास किती वेळ लागतो हे प्रत्येक मुलाने सांगावे, व शिक्षकाने सर्वांची मिनिटे फळ्यावर मांडावीत. वांगणीकडून गाडीने येणारा मुलगा आणि वाडीतून पायी येणारी मुलगी यांची उत्तरे निराळी येतील, आणि खरी येतील. खऱ्या उत्तराचे वाक्य मूल विसरत नाही. पाचवीत 'टेक पार्ट', 'टेक केअर', 'टेक अ फोटोग्राफ', 'टेक अन एक्झामिनेशन' ही जोडवाक्ये. त्यापुढील वर्गांत लहान शब्दांच्या जोड्या.

प्रत्येक मुलाच्या वहीत एक पान 'टेक'साठी राखून ठेवावे. त्यावर अर्थ लिहावयाचा नाही, संपूर्ण वाक्य लिहावयाचे. आणि खाली आपले मराठी वाक्य. वर्षअखेरीस पंधरा-वीस वाक्ये जमली, तर त्या मुलाने या क्रियापदाचा लहानसा कोश स्वतः तयार केला असे होईल. मराठीतील 'धरणे', 'पडणे', 'बसणे', 'मारणे' या क्रियापदांचीही अशीच पाने मुलांकडून करवून घ्यावीत. 'पाऊस पडला', 'प्रश्न पडला', 'महाग पडले', 'आजारी पडला' ही वाक्ये एकाखाली एक लिहिली, की शब्दाचा अर्थ त्याच्या सोबत्यांवरून ठरतो ही गोष्ट मुलास आपल्याच भाषेत दिसते. मग इंग्रजीत ती दिसल्यावर ते गोंधळत नाही.

तपासताना एक पथ्य पाळावे. 'आय गेव्ह एक्झाम' असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते मराठीशी प्रामाणिक असते. त्याच्या वाक्याखाली नुसती लाल रेघ ओढण्याऐवजी शेजारी त्याचे मराठी वाक्य लिहून, दोन्ही भाषा येथे कशा उलट दिशांनी जातात ते दाखवावे. चूक कोठून आली हे ज्याला कळले, त्याची ती चूक पुन्हा होण्याचा संभव कमी.

खेड्यातील शाळेत इंग्रजी बोलणारे घर नसते, शेजार नसतो. मुलाला मिळणारे इंग्रजी बहुतांशी आपल्या तोंडून व आपल्या फळ्यावरून मिळते. ही उणीव खरी. परंतु आपल्या हाती एक मोठे साधन आहे, ते म्हणजे मुलाची चांगली मराठी. नेणे व आणणे, देणे व घेणे, काढणे व लागणे यांतील भेद त्याला जन्मजात ठाऊक आहेत. त्या ज्ञानाच्या आधाराने 'टेक' शिकविले, तर इंग्रजीबरोबर मराठीचेही पाऊल पुढे पडेल. उद्याच्या तासाला फळ्यावरील 'टेक म्हणजे घेणे' ही ओळ पुसून तेथे तीन पूर्ण वाक्ये लिहावीत, एवढाच आरंभ शिक्षकबंधु-भगिनींनी करावा, अशी विनंती आहे.